मुलगा सुधारतोय का?

शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. 'प्रगती समाधानकारक', 'अजून प्रयत्नांची गरज', असे काहीतरी तिथे लिहिलेले असते आणि खाली पालकाची सही. सहामाहीला गणितात ४२ होते, वार्षिकला ५५ झाले, म्हणजे मुलगा सुधारला. दोन आकड्यांमधल्या फरकावरून आपण एका जिवंत माणसाबद्दल केवढे मोठे विधान करतो, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पेपर सोपा होता का, घरात त्या महिन्यात आजारपण होते का, हे विचारायला त्या रकान्यात जागा नसते.

मुंबईच्या उपनगरांत असाच शेरा रोज हजारो लोक लिहितात, तो क्रिकेट खेळणाऱ्या पोरांबद्दल. सकाळच्या लोकलमध्ये बोरिवलीला चढलेला माणूस अंधेरी येईपर्यंत कुणाला तरी संघातून काढतो आणि कुणाला तरी आत घेतो. ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे तो वीस-बावीस वर्षांचा असतो, धावा होत नसतात, आणि प्रश्न एकच असतो: हा खरंच सुधारतोय, की आपल्यालाच तसे वाटते आहे? प्रश्न वरवर खेळाचा आहे. पण आपल्या घरातल्या मुलांबद्दल, वस्तीतल्या पोरांबद्दल, तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाबद्दलही आपण हेच विचारतो, आणि उत्तरही त्याच घाईने देतो.

रोहित शर्मा हे या वादाचे जुने आणि आता निकाली निघालेले प्रकरण. आईवडिलांचे डोंबिवलीतले घर लहान, म्हणून तो बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणले आणि फी माफ करवून घेतली. त्या वेळी तो ऑफस्पिन टाकायचा आणि फलंदाजीला खूप खाली यायचा. त्याची बॅट लाडसरांच्या नजरेत भरली ती नंतर. २००७ साली तो भारताकडून एकदिवसीय सामना खेळला आणि पुढची पाच वर्षे 'गुणवान' हा शब्द त्याच्या नावाला चिकटून राहिला. कौतुक म्हणून सुरू झालेला शब्द हळूहळू टोमणा झाला. २०११च्या विश्वचषक संघात त्याला जागा मिळाली नाही. २०१२च्या श्रीलंका दौऱ्यात पाच एकदिवसीय सामन्यांत मिळून त्याच्या धावा झाल्या १३.

पुढे जानेवारी २०१३मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला सलामीला पाठवले. त्याने ८३ केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९, चारच दिवसांनी सुरू झालेल्या पहिल्या कसोटीत १७७, पुढच्या वर्षी कोलकात्याला २६४. आज सगळेच म्हणतात की आम्हाला आधीच ठाऊक होते.

कुणाला काय ठाऊक होते? ऑगस्ट २०१२मध्ये 'हा सुधारतोय' असे कुणी म्हटले असते तर त्याच्या हातात पुरावा काय होता? तेरा धावा. आणि 'हा संपला' म्हणणारा तरी मूर्ख होता का? त्याच्याकडे पाच वर्षांचा हिशेब होता. मधल्या पाच महिन्यांत त्या मुलाचे मनगट बदलले नाही, नजर बदलली नाही. बदलली ती जागा. मग सुधारला कोण, फलंदाज की त्याला कुठे उभे करायचे हे ठरवणारे? हे उत्तरही पुरते खरे नाही, कारण २०११च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत त्याला सलामीला पाठवून झाले होते आणि तेव्हा जमले नव्हते. तीच जागा, तोच माणूस. एकदा नाही, एकदा हो. एवढेच म्हणता येते की मधल्या काळात काहीतरी पिकत होते आणि ते धावफलकावर दिसत नव्हते.

याच्या उलटही घडते. धावफलकावर दिसते आणि आत काहीच बदललेले नसते. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाने इस्रायलच्या हवाई दलातला एक अनुभव सांगितला आहे. हा तोच माणूस, ज्याला २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विमान चालवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांपुढे तो बोलत होता की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो. एक अनुभवी प्रशिक्षक म्हणाला, आमचा अनुभव उलटा आहे. उत्तम कसरत केलेल्या पोराला शाबासकी दिली की पुढच्या वेळी तो बिघडवतो, आणि वाईट कसरतीवर झापले की पुढच्या वेळी सुधारतो. काहनेमनच्या लक्षात आले की माणूस पाहतो आहे ते खरे आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. एखाद्या दिवशी कामगिरी फारच वाईट झाली तर पुढच्या दिवशी ती बहुधा नेहमीच्या पातळीकडे येतेच. झापा, नका झापू. फारच चांगली झाली तर पुढच्या दिवशी थोडी उतरतेच. मधल्या ओरडण्याचा त्यात हात असेलच असे नाही.

हे वाचल्यावर मला क्रिकेट नाही, आपली मोहल्ल्यातली घरे आठवली. किती बाप आणि किती उस्ताद आयुष्यभर मानत आले की पोराला छडीने वळण लागते, कारण मारल्यानंतर पोरगा ठीक वागला होता! तो तसाही ठीक वागला असता. पण छडीला श्रेय मिळाले, आणि ती पुढच्या पिढीकडे गेली. सुधारणा म्हणजे काय हे न कळण्याची किंमत अशी मुलांच्या पाठीवर मोजली जाते. म्हणून हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही.

मग खरी सुधारणा ओळखायची कशी? आपल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत सुधारण्याला 'इस्लाह' म्हणतात. शागीर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो, त्यालाही इस्लाह घेणे हाच शब्द आहे. उस्ताद गझलेला शंभरपैकी गुण देत नाही. तो एखादा शब्द बदलतो, एखाद्या मिसऱ्यात वजन अडखळत असेल तर तिथे बोट ठेवतो. म्हणजे दुरुस्ती नेमकी कुठे झाली ते दाखवता येते. 'आता चांगले लिहितो' हे मत झाले, 'आता तो या जागी अडखळत नाही' ही माहिती झाली.

पृथ्वी शॉच्या बाबतीत अशी माहिती एकदा उघड्यावर मिळाली होती. विरारचा हा मुलगा. चार वर्षांचा असताना आई गेली. वडील त्याला घेऊन विरारहून वांद्र्याला सरावासाठी येत. २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्याने एका डावात ५४६ धावा केल्या. समोर बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी'असिसी शाळा होती. (त्या दिवशी गोलंदाजी केलेल्या बोरिवलीच्या मुलांबद्दल कुणी कधी लिहीत नाही.) २०१८मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने १३४ केल्या. पुढच्या वर्षी उत्तेजक द्रव्याच्या नियमभंगावरून आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधातून ते पोटात गेले हे त्याचे म्हणणे मंडळाने मान्य केले होते. मग डिसेंबर २०२०, ॲडलेड. दोन्ही डावांत तो त्रिफळाचीत झाला, ० आणि ४, आणि दोन्ही वेळा चेंडू बॅट आणि पॅड यांच्यामधल्या फटीतून आत गेला. साऱ्या जगाने ती फट पाहिली. म्हणजे सुधारायचे काय, हे नक्की ठरले.

संघातून वगळल्यावर तो परतला आणि काही आठवड्यांतच विजय हजारे स्पर्धेत त्याने ८२७ धावा केल्या. सुधारला का? फट बुजवण्यावर त्याने मेहनत घेतली होती. पण तिथे समोर स्टार्क आणि कमिन्स नव्हते. जानेवारी २०२३मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध ३७९; रणजीत याहून मोठी खेळी एकच, पुण्याला १९४८ साली भाऊसाहेब निंबाळकरांनी केलेली नाबाद ४४३. तरीही तो पुन्हा कसोटी खेळलेला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून काढले. तंदुरुस्ती आणि शिस्त यांची चर्चा झाली. २०२५मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला. सराव सामन्यात मुंबईविरुद्धच १८१ केल्या आणि बाद होऊन परतताना जुन्या सहकाऱ्यांशी मैदानातच त्याचा खटका उडाला. त्याच महिन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात ७५, आणि पुढच्या सामन्यात चंदीगडविरुद्ध २२२.

आता लिहा शेरा. १८१ खरे की खटका? शून्य खरे की २२२? मला वाटते, ज्यांना तो सुधारलेला हवा आहे ते धावा मोजतात आणि ज्यांना नको आहे ते खटके मोजतात. दोघांचे उत्तर आधी ठरलेले असते. आकडे नंतर गोळा होतात.

इथे मला या प्रश्नाचे खरे मर्म दिसते. रोहितच्या बाबतीत निर्णायक ठरले ते कुणाचे अचूक निदान नव्हे. कुणीतरी थांबले. पाच वर्षे पुरावा अपुरा असताना कर्णधार आणि निवड समिती थांबली, आणि त्या थांबण्यामुळे पुरावा तयार व्हायला वेळ मिळाला. म्हणजे 'सुधारतोय का' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो: आपण याच्यासाठी किती थांबायला तयार आहोत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने द्यायचे असते, दुसऱ्याचे आपण. आणि हे थांबणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. अमोल मुझुमदारने रणजीतल्या पहिल्याच सामन्यात २६० केल्या, पुढे वर्षानुवर्षे धावांचे डोंगर रचले, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. (२०२५मध्ये भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता.)

आपल्या घरांत हा विषय निघाला की सरफराज खानचे नाव येतेच, आणि आवाज बदलतात. तोही रिझवी स्प्रिंगफील्डचा. कुर्ल्यात वाढलेला, बाप नौशाद खान हाच गुरू, बारा वर्षांचा असताना हॅरिस शील्डमध्ये ४३९. रणजीत २०१९-२० आणि २०२१-२२ या दोन हंगामांत त्याने नऊशेच्या वर धावा केल्या. चर्चा मात्र त्याच्या वजनाची होत राहिली. अखेर फेब्रुवारी २०२४मध्ये राजकोटला कसोटीची टोपी मिळाली. ६२ आणि नाबाद ६८. त्या वर्षी ऑक्टोबरात बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १५०. पुढच्या दोन कसोटींत ११, ९, ०, १. मग संघाबाहेर. २०२५मध्ये त्याने १७ किलो वजन उतरवले. त्या ऑक्टोबरात भारत 'अ' संघातही नाव आले नाही, तेव्हा आडनावाचा प्रश्न राजकारणातही उघड विचारला गेला.

हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. ज्याला घर भाड्याने मागताना नाव सांगितल्यावर नकार मिळाला आहे, त्याला हा प्रश्न सुचणारच. निवडीमागची कारणे जिथे नीट सांगितली जात नाहीत, तिथे संशय वाढतो, आणि त्याचा दोष एकट्या संशय घेणाऱ्याचा नसतो. पण वसीम जाफरही आपलाच. २०००मध्ये पहिल्या मालिकेत तो अपयशी ठरला, त्याला परत बोलावले गेले, आणि २००६मध्ये अँटिग्वाला त्याने २१२ केल्या. त्याच्यासाठी थांबले होते. एका मुलाच्या वगळण्यावरून व्यवस्थेचा निकाल देणे म्हणजे पुन्हा दोन आकड्यांवरून शेरा लिहिणेच झाले.

मला जास्त खुपते ते वेगळेच. सरफराज आपल्या बोलण्यात फलंदाज उरत नाही, तो आपला वकील होतो. उसळत्या चेंडूवर त्याला अडचण येते का, हा साधा प्रश्न कुणी विचारला तरी आपल्याला तो हल्ला वाटतो. पलीकडे कुणी त्याच्या पोटाकडे पाहून हसतो, अलीकडे आपण त्याच्या उणिवेकडे पाहायला नकार देतो. दोन्ही बाजूंनी त्या मुलाला एकच गोष्ट नाकारली जाते: त्याच्या चुकीवर नेमके बोट ठेवणारी, त्याला बदलायला वाव देणारी इस्लाह. नौशाद खानांनी ती लहानपणापासून केली, रोज शेकडो चेंडू टाकून. ते बाप होते म्हणून गप्प बसले नाहीत.

१६ डिसेंबर २०२५ला अबुधाबीत आयपीएलचा लिलाव झाला. रिझवी स्प्रिंगफील्डच्या या दोन्ही मुलांची नावे पुकारली गेली तेव्हा कुणी हात वर केला नाही. संध्याकाळ सरता सरता नावे पुन्हा आली. सरफराजला चेन्नईने घेतले, पृथ्वीला दिल्लीने. दोघांची किंमत सारखीच लागली, ७५ लाख, म्हणजे बोली जिथून सुरू होते तीच. त्या रात्री पृथ्वी २६ वर्षांचा होता, सरफराज २८.