कोरे पत्र आणि अनोळखी दाद

लोकगीताची भाषा न जाणणाऱ्या श्रोत्याने त्याला दिलेली दाद कितपत प्रामाणिक असते, हा प्रश्न वरवर सौंदर्यशास्त्राचा वाटला तरी मुळात नीतीचा आहे. दाद देणे म्हणजे केवळ सुख व्यक्त करणे नव्हे. समोरच्याने जे केले ते आपल्यापर्यंत पोचले, अशी ती ग्वाही असते. मग जे पोचलेच नाही त्याची ग्वाही देणे हे असत्य ठरते काय? युरोव्हिजन या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत २०२१ साली युक्रेनच्या ‘गो-ए’ या वाद्यवृंदाने ‘शुम’ हे गीत सादर केले, त्या निमित्ताने हा प्रश्न नेमकेपणाने मांडता येतो. त्याच्या उत्तराची एक दिशा मात्र मुक्ताईनगरच्या परिसरातील एका जुन्या कथेत सापडते.

‘गो-ए’ची स्थापना २०१२ साली झाली. लोकगायन आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचा संयोग हे या वृंदाचे वैशिष्ट्य. ‘शुम’ला आधार आहे तो वसंताला आवाहन करणाऱ्या युक्रेनी विधिगीतांचा. गायिका कातेरिना पावलेन्को हिचा आवाज खडा, उघडा, रानात दूरवर पोचणारा. या गायनपद्धतीला तिकडे ‘पांढरा आवाज’ म्हणतात. स्पर्धेचे नियम मात्र विधीला ओळखत नाहीत. गीत तीन मिनिटांत संपले पाहिजे, मंचावर सहांहून अधिक कलावंत नकोत आणि वाद्यसंगीत ध्वनिमुद्रितच हवे. त्यामुळे रॉटरडॅमच्या मंचावर सोपिल्का ही लोकबासरी ओठांना लावलेली दिसली, तरी ऐकू आले ते तिचे मुद्रण. मुख्य कंठ तेवढा प्रत्यक्ष होता. २२ मे २०२१ च्या अंतिम फेरीत या गीताला परीक्षकमंडळांकडून ९७ आणि जनमतातून २६७ असे एकूण ३६४ गुण मिळून ते पाचवे आले. केवळ जनमत पाहता ते दुसरे होते. कोणत्याही देशाला स्वतःच्या गीतासाठी मत देता येत नाही, हाही एक नियम. म्हणजे ज्या देशात ते शब्द सहज कळतात तोच निवाड्यातून वगळला गेला आणि निवाडा मुख्यतः न समजणाऱ्यांच्या हाती आला.

यावर पहिला आक्षेप देशीवादी भूमिकेतून येऊ शकतो. खानदेशातीलच सांगवी गावी जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी मराठी समीक्षेत आग्रहाने मांडलेल्या या भूमिकेनुसार कृतीचे मूल्य तिच्या भूमीपासून व समाजापासून तोडून ठरवता येत नाही. कानबाईचे उदाहरण घ्यावे. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाईची स्थापना होते, भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात, रात्र जागवली जाते आणि दुसऱ्या दिवशी देवीला निरोप दिला जातो. त्या रात्रीच्या गाण्याला श्रोता नसतो. जो ऐकतो तो गाणाऱ्यांपैकीच एक असतो. अशा गाण्याला गुण कोण देणार? हा आक्षेप वजनदार आहे. पण त्यावरून ‘स्पर्धा ही लोकपरंपरेला परकी आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल.

कारण स्पर्धा महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत पूर्वापार आहे. कलगी-तुऱ्याच्या फडात शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले रात्ररात्र सवाल-जवाब करीत. तेथेही हारजीत होती, ईर्ष्या होती, प्रेक्षकांना खेचून घेण्याच्या युक्त्याही होत्या. फरक होता तो श्रोत्याच्या अधिकाराचा. पुराणातील कोडे कोणते आणि त्याची उकल शाहिराला साधली की नाही, हे समोर बसलेल्याला कळत होते. त्याची दाद हा निवाडा होता, कारण त्यामागे जाणतेपण होते. तेव्हा रॉटरडॅमच्या बाबतीत खटकायला हवे ते स्पर्धा असणे नव्हे, विजेवर चालणारी वाद्ये तर नव्हेच. खटकायला हवी ती दाद आणि जाण यांची फारकत.

येथे रोलाँ बार्थ यांचा विचार प्रतिवादासाठी उभा करता येतो. गाणाऱ्या आवाजाचा एक ‘पोत’ असतो, त्यात देह आणि भाषा यांचे घर्षण ऐकू येते आणि ते अर्थाच्या पलीकडचे असते, असे त्यांनी १९७२ च्या निबंधात मांडले. या न्यायाने ‘पांढऱ्या आवाजा’ला मिळालेली दाद पोकळ ठरत नाही, श्रोत्यापर्यंत काहीतरी निश्चित पोचले होते. परंतु विधिगीतात आवाज कोणाला तरी हाक मारीत असतो. हाकेचा पोत कानांना सुखावला आणि हाक कोणाला होती याची चौकशीच झाली नाही, तर ते ऐकणे अपुरे राहते.

या अपुरेपणाचे काय करायचे, याविषयी मुक्ताईनगरची परंपरा काही सांगते. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे आजचे नाव मुक्ताबाईवरून आले आहे. याच तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवाचे मंदिर आहे. वयाने लहान पण अधिकाराने थोर अशा ज्ञानदेवांना काय संबोधावे हे न कळून या योग्याने कोरेच पत्र पाठवले, अशी कथा आहे. मुक्ताबाईने त्या कोरेपणावर नेमके बोट ठेवले. ज्ञानदेवांनी त्याच कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. कोऱ्या पत्राचा निकाल लावता येतो, तसेच त्याला उत्तरही देता येते.

अनोळखी भाषेतले गीत श्रोत्यापुढे असेच कोरे येते. फरक एवढाच की येथे कोरेपण पाठवणाऱ्याचे नसून वाचणाऱ्याचे आहे. म्हणून मुक्ताबाईचे बोट अशा वेळी श्रोत्याने स्वतःकडे वळवायला हवे. न समजता दिलेली दाद असत्य नाही. ती उचल आहे. समजून घेण्याच्या कष्टाने ती फेडायची असते. गुणांकनाचा नैतिक दोष असा की ते हिशेब तेथेच मिटवते. ३६४ हा आकडा म्हणतो, देणे संपले.

हे ऋण केवळ दूरच्या श्रोत्याच्या माथी नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि खानदेशाबाहेरील मराठी वाचकाने त्यांवर मनापासून प्रेम केले. पण त्या प्रेमापोटी लेवा गणबोलीचे किंवा शेजारच्या अहिराणीचे शब्द किती जणांनी शिकून घेतले? या बोली कानी पडताच त्यांच्या हेलाने हसू येणारा प्रमाण मराठीचा भाषक आणि ‘शुम’वर ठेका धरणारा युरोपीय श्रोता यांच्यात तत्त्वतः अंतर फारसे नाही. उलट, एकाच भाषेचे असल्याच्या समजुतीने पहिला स्वतःला ऋणमुक्त मानतो. दुसऱ्याला निदान आपल्याला काही कळलेले नाही, एवढे तरी ठाऊक असते.