आधी निर्माल्य, मग फूल



आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. त्या दिवशी आपल्या पूर्वजांनी तलवारीची व भाल्याची पूजा केली, शेतकऱ्याने नांगर-कुळव पुजिला, सुताराने करवत आणि रंधा पुजिला. पुढे काळ पालटला, तेव्हा शिवणयंत्र, सायकल आणि मोटार यांनाही झेंडूची माळ मिळू लागली. यात गैर काहीच नाही. ज्या साधनाच्या योगे आपल्या मुखी घास पडतो, त्याच्या ठायी देवत्व पाहणे ही आपल्या धर्माची थोर शिकवण आहे. तथापि पूजा कशास म्हणावे, याचा विचार या पर्वाच्या निमित्ताने करणे अवश्य आहे.

षोडशोपचार पूजेचा क्रम आठवावा. प्रातःकाळी देवघरात गेल्यावर कोणी एकदम फूल वाहत नाही. आदल्या दिवशीचे निर्माल्य प्रथम उतरवावे लागते. मग स्नान, वस्त्र, गंध, आणि त्यानंतर फूल. कालचे निर्माल्य तसेच ठेवून त्यावर आजचे फूल वाहिले, तर त्यास कोणी पूजा म्हणणार नाही. हा नियम मूर्तीपुरताच आहे काय? आम्हांस वाटते, तो नाही. आणि हे आम्हांस एका जुन्या ट्रॅक्टराने शिकविले.

आपल्या देवस्थानची क्षिप्रेच्या बाजूस जी थोडी जमीन आहे, तिच्या उत्पन्नातून उत्सवाच्या अन्नदानास गहू येतो. त्या जमिनीवर निंबाखाली एक लहान ट्रॅक्टर पुष्कळ वर्षे उभा होता. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने हरियाणातील पिंजोर येथे २५ अश्वशक्तीचे ‘झेटर’ ट्रॅक्टर बांधण्यास आरंभ केला. हा त्याच वंशातील, दोन सिलिंडरांचा. पिंजोरचा तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. आपला झेटर त्याच्या पुष्कळ आधीच मुका झालेला होता. मात्र दर खंडेनवमीस त्यास हळदकुंकू लागे आणि झेंडूची माळ पडे. जुन्या माळेवर नवी माळ, तिच्यावर पुढल्या वर्षीची. निर्माल्य कोणी उतरविले नाही.

देवस्थानच्या सभेत हा ट्रॅक्टर भंगारात द्यावा असा विचार निघाला. तो अविचार नव्हता. जुन्या यंत्रात पैसा किती बुडेल, याचा अंदाज कोणास नव्हता. परंतु दुसरी बाजूही होती. माळव्यात पाऊस स्थिरावला की सोयाबीनच्या पेरणीस थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर प्रत्येकास हवा असतो. तो आपल्या बांधावर येईतो वापसा निघून जातो. पेरणी लांबली की देवाच्या कोठारात धान्य कमी येते हे खरे. पण जो वाटेकरी ती जमीन कसतो, त्याच्या घरातील वर्षाची बेगमीच उणी होते. देवाच्या दारी उपेक्षा झाली, आणि तिचे ओझे एका गरीब कुटुंबाच्या शिरी गेले.

जीर्णोद्धार हा शब्द आपण इंदूरवासीयांनी तरी हलकेपणाने उच्चारू नये. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य केले. काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारिले. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या. परंतु त्यांचे मोठेपण केवळ दगड-चुन्यात नाही. पुष्कळ ठिकाणी धर्मकार्य अखंड चालावे म्हणून त्यांनी वार्षिक नेमणुका करून दिल्या. उद्धार एक दिवसाचा असतो. सेवा नित्याची असते, हे त्या माउलीने जाणले होते.

शास्त्रात विवेकही सांगितला आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे. त्यात जे दुरुस्तीपलीकडे भग्न झाले, त्याचे विधिपूर्वक विसर्जन करून नवे स्थापावे, असाच आशय आहे. सर्व जुने राखावे असे धर्म म्हणत नाही. आम्ही काही तरुण सभासदांनी ज्या वृद्ध मिस्त्रींस बोलाविले, त्यांनीही प्रथम हेच पाहिले. “ब्लॉक फुटला असेल तर हात लावू नका,” ते म्हणाले. ब्लॉक शाबूत निघाला, आणि मग काम सुरू झाले.

कोणी म्हणाले, दुसऱ्या ट्रॅक्टराने ओढून चालू करू. मिस्त्रींनी सक्त मना केली. आत पिस्टन गंजाने धरलेला असताना हिसका दिला, तर रिंगा तुटतात आणि सिलिंडरास ओरखडे पडतात. त्यांनी तळाचा बोल्ट सोडला, तेव्हा ऑइलच्या आधी पाण्याची धार आली. डिझेलच्या टाकीत काळा, दुर्गंधीचा गाळ होता. एअर क्लीनरच्या वाटेत उंदराने घरटे केले होते. त्यात गव्हाची काडी होती, सुताचे धागे होते, आणि होत्या वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. ज्या वाटेने यंत्राने श्वास घ्यावयाचा, त्या वाटेत आपलेच निर्माल्य अडकलेले होते!

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेस इतके दाबतो की ती तप्त होते, आणि त्या हवेत नोझलमधून डिझेलचे सूक्ष्म तुषार पडताच ते पेट घेतात. म्हणून त्यास हवा आणि डिझेल ही दोन्ही शुद्ध हवी असतात. टाकी धुतली, फिल्टर नवे घातले. नोझल काढून दोन्ही सिलिंडरांत डिझेल व ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि आठ दिवस काहीही केले नाही. ते आठ दिवस तरुणांस फार जड गेले. नंतर वरचा गिअर घालून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलविले. प्रथम ते बोटभर हलले, मग वीतभर, आणि अखेर पुरते फिरले. यानंतर नवे ऑइल भरले. डिझेलच्या नळीत हवा राहिली तर पंपाचा दाब नोझलपर्यंत पोचत नाही. यास्तव फिल्टरावरील स्क्रू सैल करून बुडबुडे संपेतो डिझेल वाहू दिले. इंजिन आवरेनासे झाले तर हवेची वाट झाकता यावी म्हणून एक जण फळी घेऊन उभा राहिला. बॅटरी जोडून सेल्फ मारला. चौथ्या खेपेस पांढरा धूर आला, इंजिन अडखळले, आणि मग चालू लागले. वाटेकऱ्याच्या वृद्ध आईने यंत्रास हात जोडले.

आम्ही मिस्त्रींस विचारिले की, एवढी हानी कशाने झाली? त्यांनी उभ्या सायलेन्सरकडे बोट दाखविले. “यावर डबा नव्हता.” शेतकरी पावसाळ्यात सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा रिकामा डबा पालथा घालतात, तेवढेच राहिले होते. पाऊस त्या वाटेने उघड्या झडपेतून थेट पिस्टनपर्यंत गेला, आणि वर्षानुवर्षे जात राहिला.

बंधुभगिनींनो, या उत्तराचे मनन करावे. येथे पैसा उणा नव्हता, श्रद्धाही उणी नव्हती. उणा होता एक रिकामा डबा, आणि तो घालणे हे माझे काम आहे असे म्हणणारा एक मनुष्य. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, अशी सार्वजनिक वस्तूची गत होते. उपेक्षा करणारा दुष्ट नसतो. तो केवळ उद्यावर टाकतो. परंतु पावसास उद्या ठाऊक नाही.

घराघरांतही हेच घडते. वृद्ध मातापित्यांस वर्षातून एकदा शाल पांघरली जाते, पाय धरले जातात. पण औषधाची बाटली संपली आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही. आपल्या मंडळाच्या मराठी ग्रंथांच्या कपाटास दसऱ्यास फूल मिळते, आणि आत वाळवी पाने खाते. शाल आणि फूल त्याज्य नाहीत. परंतु आधी औषध, मग शाल. आधी निर्माल्य, मग फूल.

काम अद्याप पुरे झालेले नाही. हायड्रॉलिकमधून तेल गळते, पुढचे एक टायर तडकले आहे. तरुण सभासदांपैकी दोघांनी दर महिन्यास पाळीने ऑइल, पाणी आणि एअर क्लीनर पाहण्याचे व्रत घ्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. नर्मदातीरी बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेली, शेतीयंत्रांचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे; आपल्यातील एखाद्याने तेथे जाऊन हे ज्ञान संपादन केले, तर तीही देवाची सेवाच होय.

यंदाच्या खंडेनवमीस शेतावर अवश्य यावे. प्रथम जुनी माळ उतरवू, ऑइलची पट्टी पाहू, रेडिएटरात पाणी भरू. मग गंध आणि फूल. आणि निघण्यापूर्वी सायलेन्सरवर डबा घालू.

श्रीकृष्णार्पणमस्तु.