आधीचं पुस्तक नंतर वाचताना

जे. आर. आर. टॉल्किन यांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आधी वाचलं, तर बिल्बो बॅगिन्स भेटतो तो म्हातारा. अदृश्य करणारी आपली अंगठी सोडताना त्याचा जीव खालीवर होतो, तो जुन्या मित्रावर, गँडाल्फवरही डाफरतो. लोभी आहे झालं, असं म्हणून आपण मोकळे होतो.

मग त्याच्या आधीच्या दिवसांची गोष्ट सांगणारं, १९३७ सालचं 'द हॉबिट' हाती येतं. डोंगराच्या पोटातला काळोख. बाहेरची वाट अडवून बसलेला, त्या काळोखातच राहणारा गॉलम. बिल्बो नुकत्याच मिळालेल्या अंगठीमुळे अदृश्य, हातात तलवार. एक घाव, की सुटका! पण उजेडाविना, सोबतीविना गेलेलं गॉलमचं आयुष्य त्याला क्षणभर दिसतं, आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो. भीतीने गारठलेला असताना दुसऱ्याचं दुःख दिसणं, मला हे फार मोठं वाटतं.

पहिल्या आवृत्तीत हे नव्हतंच. तिथे गॉलम स्वतःच वाट दाखवतो. पुढच्या कथेशी जुळावं म्हणून टॉल्किन यांनी ते प्रकरण बदललं, ते १९५१च्या आवृत्तीत आलं.

आता त्या म्हाताऱ्याकडे पुन्हा पाहावं. गँडाल्फच्या मदतीने का होईना, अंगठी तो सोडतो. तिने त्याचं फारसं वाकडं का केलं नाही, तेही गँडाल्फ पुढे बिल्बोचा वारस फ्रोडो याला सांगतो: ती मिळाली तेव्हा बिल्बोने सुरुवातच दयेने केली होती.