पुरात भिजलेली मोटार

मौन हे असत्य केव्हा होते, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु आमच्यापुढे तो या खेपेस कोणत्याही ग्रंथातून आला नाही. एका मोटारीच्या ओल्या गालिच्यातून आला.

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, मृग लागण्यास अद्याप अवकाश असता, बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांना पावसाने अक्षरशः झोडपून काढले. २५ मे रोजी नीरा डावा कालवा पिंपळीनजीक फुटला आणि पाणी शेतांत, घरांत व रस्त्यांवर पसरले. राष्ट्रीय आपत्तिनिवारण दलाची पथके दोन्ही ठिकाणी पाठवावी लागली. हा मुलूख एरवी पाण्याकरिता आकाशाकडे डोळे लावून बसणारा. ज्या कालव्याने येथे ऊस पिकविला, त्याच कालव्याचे पाणी न बोलावता उंबरठ्याच्या आत यावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची मोटार त्या पाण्यात एक रात्र उभी होती. पाणी बैठकीपर्यंत चढले होते. गृहस्थ शहाणे, म्हणून त्यांनी सकाळी इंजिन सुरू करून पाहिले नाही. सिलिंडरात पाणी शिरले असता ते हवेप्रमाणे दाबले जात नाही आणि आतील दांडा वाकतो, हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी प्रथम बॅटरीची तार सोडविली, मग मिस्त्रीकडून इंजिन साफ करविले, बैठका काढविल्या, गालिचा उचलला. गालिच्याखाली जाड नमदा असतो. वरचे कापड दोन प्रहरी सुकल्यासारखे भासते, पण नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि वास येतो तो तेथून. पुराचे पाणी म्हणजे निर्मळ पाणी नव्हे. त्यात गाळ असतो, गटार असते, आणि त्या ओलीवर जंतू व बुरशी पोसतात. गृहस्थांनी नमदा टाकून दिला, पत्रा साबणाने धुतला, बैठका उन्हात ठेवल्या, फटींवर पंखा लावला, खाण्याचा सोडा पसरून झाडून घेतला, कोळशाच्या वाट्या भरून ठेवल्या. हा उद्योग तीन आठवडे चालला आणि अखेर वास गेला.

येथवर नीतीचा प्रश्न सोपा होता. दुर्गंधावर अत्तर शिंपडून गिऱ्हाइकास फसविणारा मनुष्य लबाड, यात वाद नाही. त्याने दोष काढला नाही, केवळ दोषाच्या साक्षीदाराचे तोंड दाबले. आमच्या गृहस्थांनी दोषच काढला होता. पण पुढे मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची वेळ आली. विम्यात पुराचे नुकसान समाविष्ट नव्हते, म्हणून मोटार विकण्याचे ठरले. पुराची हकीकत सांगितली तर भाव बराच उतरणार. न सांगावी, तर कोणास काही कळण्यासारखे नाही. त्यांनी आमचा सल्ला विचारला आणि आम्ही, सांगावयास लाज वाटते, गप्प राहण्याचाच सल्ला दिला.

आमच्यापाशी कारणेही होती. कोणी विचारल्यास खोटे बोलू नये. न विचारल्यास आपल्या मालाची निंदा आपणच का करावी? गिऱ्हाइकाने मिस्त्री आणावा, तपासावे. १८७२ चा करारविषयक कायदाही प्रथमदर्शनी आमच्याच बाजूचा दिसतो. त्याच्या सतराव्या कलमात दृष्टांत आहे, की लिलावात घोडा विकणाऱ्याने त्याचा दोष ठाऊक असूनही केवळ मौन पाळले, तर तेवढ्याने ती फसवणूक होत नाही. हा वाद जुनाच. रोमन पंडित सिसरो याने कर्तव्याविषयीच्या आपल्या ग्रंथात कुजलेल्या लाकडांचे घर विकणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. दोष एकट्या मालकास माहीत. त्याने तो सांगावा की नाही? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणे, नको. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणे, सांगितलाच पाहिजे. सिसरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला.

आमचे मत मात्र सिसरोने पालटले नाही. ते गृहस्थांच्या पत्नीच्या एका प्रश्नाने पालटले. त्या सहज म्हणाल्या, “हीच गाडी आपल्या मुलीसाठी दुसऱ्या कोणाकडून घेतली असती, तर?” गंमत अशी, की त्याच कलमाच्या पुढील दृष्टांतात घोडा घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, आणि तेथे कायदा म्हणतो, बापाने बोललेच पाहिजे. तेव्हा प्रश्न असा उरतो, की बोलण्याचे कर्तव्य रक्ताच्या नात्यातून उत्पन्न होते काय?

आम्हांस तसे वाटत नाही. साऱ्या जगावर मुलीइतकी माया करणे कोणास शक्य नाही, आणि नीती तशी मागणीही करीत नाही. मुलीस सांगावयाचे, ते ती आपल्यावर विसंबून असते म्हणून. परका गिऱ्हाईक आपल्यावर विसंबून नसतो, तो स्वतःच्या डोळ्यांवर व नाकावर विसंबून असतो. परंतु त्याच्या नाकास जे कळले असते, ते आपणच धुऊन टाकले आहे! वास येणारी मोटार आपली कथा आपणच सांगते. मालकाने बोलण्याची गरज तेथे थोडी. वास जितका निःशेष गेला, तितके बोलण्याचे ओझे मालकावर अधिक आले. हा कष्टांचा दंड आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते तसे नाही. पुराबरोबर कष्टांचीही हकीकत सांगता येते, आणि कष्टांचे मोल मागण्याचा तोच सरळ मार्ग आहे.

शिवाय आम्ही ‘दोष गेला’ म्हणालो, ते तरी कशाच्या बळावर? वायरिंगच्या जोडांत शिरलेली ओल महिनोन् महिने हळूहळू गंज धरविते. अपघातात एअरबॅग उघडणारे यंत्र पुष्कळ मोटारींत तळालगतच बसविलेले असते. ते बिघडले असल्यास ज्या दिवशी त्याची गरज पडेल, त्याच दिवशी कळण्याचाही संभव आहे. म्हणजे विकणारासही खात्री नाही. तो मोटारीबरोबर एक धोका देत असतो, आणि धोका पत्करावा की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या बैठकीवर बसणाराचा आहे.

गृहस्थांनी हकीकत सांगितली. पहिला गिऱ्हाईक आभार मानून निघून गेला. दुसऱ्याने गालिचा उचलून पाहिला, सारे विचारून घेतले आणि बऱ्याच कमी किमतीत मोटार नेली. शुल्काचा राहिलेला भाग कर्ज काढून भरावा लागला. सत्याने त्यांचा फायदा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. तोटाच झाला, आणि तो अजून फिटावयाचा आहे.

पण तो तोटा पुराने केला होता, सत्याने नव्हे. मौनाने तो नाहीसा झाला नसता, केवळ खाली वाहत गेला असता. जुनी मोटार नेहमी अधिक ऐपतीच्या घरातून कमी ऐपतीच्या घरी जाते. कऱ्हेचे पाणी नीरेत, नीरेचे भीमेत जावे, तसे न सांगितलेले नुकसान उताराउताराने ज्याच्याजवळ ते सोसण्याचे बळ सर्वांत कमी, त्याच्या दारी जाऊन थांबते. पाण्यास उतार सोडून जाता येत नाही. मनुष्यास बांध घालता येतो, आणि तो त्याने आपल्याच दारी घालावा.