स्मृती गेली तर भक्ती जाते काय?

भाविक वाचकहो, मन आवरावे हा उपदेश आपण कीर्तनात नित्य ऐकतो. पण हे मन ज्या मेंदूच्या आधाराने वागते, त्याची चौकशी आपण फारशी करीत नाही. देह नाशवंत, त्याची कसली चौकशी, असे म्हणून मोकळे होतो. मग एखादे दिवशी घरातल्याच म्हाताऱ्या वारकऱ्याची आठवण जाऊ लागते. तो मुलाला ओळखीत नाही, आज एकादशी की द्वादशी हे त्याला कळत नाही, हरिपाठ म्हणता म्हणता मध्येच थांबतो. जन्मभर नाम घेतलेल्याला नामच आठवेना, तर त्याची भक्ती गेली काय? या प्रश्नाचा आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत.

मेंदूचे वजन १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या सुमारे २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलो असतानाही देहाला लागणाऱ्या शक्तीपैकी २० टक्के तो एकटाच खातो. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. आपल्या दिंडीत विणेकरी, टाळकरी, पखवाजवाला यांची कामे जशी निरनिराळी आणि भजन मात्र एक, तसेच येथेही आहे. मेंदूचा देठ श्वास आणि हृदय चालवितो. मागचा लहान मेंदू तोल सांभाळतो; टाळाच्या ठेक्यावर पावली बिनचूक पडते ती त्याच्यामुळे. कानाच्या आतल्या बाजूस खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, त्याचा भयाशी संबंध. त्याच्याच शेजारचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग नव्या आठवणी साठवितो. कपाळामागचा भाग मागचापुढचा विचार करतो, तोंडाशी आलेला शब्द आवरतो.

आता स्मृतीचे पाहा. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा तो समुद्रघोड्यासारखा भाग बराचसा काढावा लागला. फेफरे कमी झाले, पण त्यानंतरची नवी आठवण त्याच्याजवळ टिकेना. आता भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा आला तर तो त्याला नवखाच. परंतु ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आपण हे काल केले होते, हे त्याला ठाऊक नसे. हाताला मात्र ठाऊक होते! तो २००८ साली वारला. केलेले आठवत नाही, पण केल्याचा संस्कार राहतो, हे त्याच्यामुळे जगाला कळले.

वाणीचेही असेच. पॅरिसमध्ये १८६१ साली ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक रोगी आला. दुसऱ्याचे बोलणे त्याला बरेचसे समजे, पण त्याच्या तोंडून 'तां' याखेरीज शब्द निघेना. तो वारल्यावर डॉक्टरांनी मेंदू पाहिला, तो डाव्या बाजूस पुढच्या भागात बिघाड आढळला. तेव्हापासून वाणीचे ठिकाण बहुतेकांत डावीकडे, हे ठरले. पण त्याच्याही आधी, १७४५ साली स्वीडनमध्ये एका माणसाची नोंद झाली आहे. वाचा गेलेली, उजवे अंग लुळे. तरीही पूर्वी पाठ केलेली त्यांच्या धर्माची स्तोत्रे तो गात असे. बोलणे आणि गाणे यांच्या वाटा मेंदूत अगदी एकच नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यातही जुने पाठांतर आणि चाली पुष्कळदा फार उशिरापर्यंत टिकतात, ते काही अंशी यामुळेच.

यावर कोणी म्हणेल, "मग ही नुसती सवय झाली, यात भक्ती कसली?" प्रश्न रास्त आहे. सवय म्हणजे भक्ती नव्हे, हे आम्हालाही मान्य. पण ती सवय लागली कशी? पहाटे झोप मोडून काकड्याला कोण गेले? पाय सुजले तरी वारी कोणी चुकविली नाही? आज ओठावर आपोआप येते ते त्या दिवसांच्या कष्टाचे पीक आहे. आणि ज्याच्या ओठावर तेही येत नाही, त्याचे काय? हा रोग सर्वांत सारखा नसतो. कोणाचे गाणेही जाते. तेवढ्यावरून त्याची भक्ती कमी होती, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. बिघाड कोठे व्हावा हे त्याच्या हाती नव्हते.

आणखी एक गोष्ट. अशा आजारात शांत माणूसही कधी शिव्या देऊ लागतो. शेजारी म्हणतात, "आतले खरे रूप आता बाहेर पडले." हे बोलणे आम्हाला अन्यायाचे वाटते. अमेरिकेत १८४८ साली सुरुंग अवेळी उडून फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली पहार कवटी फोडून वर निघाली. तो वाचला, पण पूर्वीचा नेमस्त माणूस शिवराळ आणि लहरी झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले. पुढे चिली देशात तो कित्येक वर्षे घोडागाडी हाकीत होता, यावरून तो पुष्कळ सावरला असावा, असे अभ्यासक आज मानतात. लगाम तुटला म्हणून इतकी वर्षे लगाम धरल्याचे श्रेय बुडत नाही. ज्याने पन्नास वर्षे जीभ आवरली, त्याचे खरे रूप ती पन्नास वर्षे होत. मात्र धडधाकट माणसाने याच कारणाआड लपू नये. ज्याचा लगाम शाबूत आहे, त्याने तो धरलाच पाहिजे.

तेव्हा आमचे उत्तर असे, की स्मृती गेल्याने भक्ती जात नाही; पण ती जपण्याचे काम मग आपल्याकडे येते. असा म्हातारा घरी असेल तर त्याला कोपऱ्यात बसवून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा, औषध चुकवू नका. नामाने हा आजार बरा होतो असे आम्ही म्हणत नाही. पण सायंकाळी हरिपाठाला त्याला जवळ घ्या. हातात टाळ द्या. ठेका चुकला तर हसू नका, आणि "मी कोण, ओळखा पाहू" अशी परीक्षा घेऊ नका. त्याला आपण कोण ते कळत नसले, तरी तो आपला कोण हे आपल्याला कळते ना? वारीत भेटणाऱ्या अनोळखी माणसाच्याही आपण पाया पडतो, त्याला माउली म्हणतो. मग घरातल्या या माउलीला अंतर का द्यावे? एवढी बुद्धी पांडुरंगाने सर्वांस द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि!