अपयशाची साक्ष

अपयश ही यशाची पहिली पायरी होय, हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते धीर देणारे आहे यात शंका नाही. परंतु ते खरे आहे काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या अपयशातून मनुष्य काहीच शिकला नाही, ते कोणत्या पायरीचे? आणि ज्यात शिकणाराच उरला नाही, त्याची गणना कोठे करावयाची?

हौशी अग्निबाणकारांचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. ३१ ऑक्टोबर १९३६ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना शहराजवळच्या अरोयो सेको या कोरड्या नदीपात्रात फ्रँक मलिना हा विद्यार्थी आणि जॅक पार्सन्स व एड फोरमन हे त्याचे साथीदार एक लहानसे यंत्र घेऊन उतरले. मिथिल अल्कोहोल आणि प्राणवायू यांवर ते चालावयाचे होते. आधीचे प्रयत्न फसले. शेवटच्या प्रयत्नात प्राणवायूच्या नळीनेच पेट घेतला व ती आग ओकीत सैरावैरा वळवळू लागली. बघणाऱ्याच्या लेखी दिवस वाया गेला. परंतु या तरुणांनी काही उडविण्याचा अट्टाहास केलाच नव्हता. यंत्र जमिनीवर जखडून त्याचा रेटा मोजावा, एवढाच त्यांचा हेतू होता. १६ जानेवारी १९३७ रोजी त्यांचे यंत्र ४४ सेकंद चालले. आजची विख्यात जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आपला जन्म त्या फसलेल्या दिवसापासून मोजते.

येथे वकिली व्यवसायातील एक अनुभव आठवतो. घटना आणि जबानी यांत जितके अंतर पडते, तितकी साक्ष संशयास्पद होत जाते. स्वतःच्या अपयशाच्या खटल्यात तर आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश आपण एकटेच असतो. मग निर्दोष सुटका ठरलेलीच! दोष वाऱ्याचा, दारूचा, नाही तर सोबत्याचा. म्हणून प्रयोगापूर्वीच आपली अपेक्षा लिहून ठेवणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि घडले ते लगोलग नोंदविणे, हे नियम केवळ शास्त्राचे नव्हेत. ते सत्यनिष्ठेचे आहेत. मलिनाने त्या फजितीची हकीकत दुसऱ्याच दिवशी आईवडिलांना पत्राने कळविली होती.

तथापि दुसरा प्रश्न उरतोच: शिकण्याची किंमत किती असावी? १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कित्येक मुले घरी कालविलेली दारू धातूच्या नळ्यांत ठासून अग्निबाण करीत. काहींची बोटे गेली, काहींचे प्राण गेले. व्हाइट सँड्स येथील चाचणी-क्षेत्रावर काम करणाऱ्या हॅरी स्टाइन यांनी या धोक्यावर लेख लिहिला. तो वाचून नेब्रास्कातील ऑर्व्हिल कार्लाइल या जोड्यांच्या व्यापाऱ्याने १९५७ च्या आरंभी आपल्या घरगुती रचनेविषयी त्यांना कळविले. त्यातून कागदी नळी, हलक्या लाकडाचे पंख, तयार मिळणारे इंजिन आणि दूर उभे राहून विजेने पेटविण्याची सोय, अशी आजची प्रतिकृती-अग्निबाणांची पद्धत रूढ झाली.

अशाने साहस खुंटते, असा आक्षेप कोणी घेईल. मला तसे वाटत नाही. मुलांकडून चुकण्याचा अधिकार काढून घेतलेला नाही. फक्त चुकीचा दंड कमी केला आहे. पूर्वी बोट तुटत असे, आता पंख तुटतो. आणि मोडका पंख हातात घेऊन मूल पुन्हा विचार करू शकते. वडीलधाऱ्यांचे कर्तव्य अपयशाला बंदी करण्याचे नसून ते परवडेल असे करण्याचे आहे.

पार्सन्सचा अंत १९५२ मध्ये घरच्या प्रयोगशाळेतील स्फोटात झाला. त्याचे कारण काय, याबद्दल मतभेद आहेत. नदीपात्रातील आगीनंतर बोलावयास तिघे उरले होते. येथे ज्याला सांगता आले असते तोच गेला. अपयश आपण होऊन काही शिकवीत नाही. त्याची साक्ष घ्यावी लागते, आणि ती घेणारा मागे उरावा लागतो.