गडी आणि घरगडी

सांघिक खेळातील यश संघाचे आणि वैयक्तिक खेळातील यश व्यक्तीचे, ही विभागणी इतकी सरळ वाटते की तिच्याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. खो-खोमध्ये एखाद्याने कितीही चपळाईने गडी बाद केला तरी गुण संघाच्या खात्यावर जमा होतो. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करणारा एकटा असतो आणि मानाची गदाही त्याच्याच खांद्यावर येते. रस्त्यावरील सायकल-शर्यत मात्र या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. ती लढवतो संघ आणि जिंकते व्यक्ती. या विसंगतीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे: दुसऱ्याच्या विजयासाठी स्वतःचा पराभव स्वीकारणे हा त्याग केव्हा ठरतो आणि ते निव्वळ वापरले जाणे केव्हा ठरते? स्त्रियांच्या शर्यतींच्या संदर्भात हा प्रश्न अधिक धारदार होतो, कारण दुसऱ्यासाठी झिजण्याचा सराव स्त्रीला खेळाच्या मैदानात उतरण्यापूर्वीच करून दिलेला असतो.

अमेरिकेतील शहरांतून होणारी ‘क्रायटेरियम’ या प्रकारची शर्यत या प्रश्नाचे जणू लघुरूप आहे. वाहतुकीसाठी बंद केलेल्या रस्त्यांवर साधारणतः एक-दोन किलोमीटरांचा फेरा आखलेला असतो. काटकोनातील वळणे घेत, तासाभराच्या आत-बाहेर, स्पर्धक तोच फेरा पुनःपुन्हा पुरा करतात. अधूनमधून घंटा वाजते आणि पुढच्या फेरीत पहिली येणारीला वेगळे बक्षीस मिळते. प्रेक्षकाला दिसतो तो रंगीबेरंगी पोशाखांचा एक थवा. परंतु त्या थव्याचा खरा नियंता असतो वारा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो भेदण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. म्हणून पुढच्या सायकलच्या चाकामागे हातभर अंतर राखून चालणारीचे श्रम सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश वाचतात. हे वाचलेले श्रम म्हणजेच शर्यतीचे खरे चलन होय. ते कोणी मिळवायचे आणि कोणासाठी खर्चायचे, यावर सारे डावपेच उभे असतात.

एका संघाच्या पाच-सहा जणी शर्यतीत उतरतात तेव्हा त्यांच्या कामाची वाटणी आधीच झालेली असते. एक जण मुद्दाम थव्यातून निसटते. ती जिंकावी अशी अपेक्षा नसते. तिचा पाठलाग करताना प्रतिस्पर्धी दमावेत, एवढाच हेतू असतो. दुसरी पुढे राहून वेग इतका चढा ठेवते की विरोधकांपैकी कोणाला निसटण्याची उमेदच होऊ नये. तिसरी आपल्या संघातील सर्वांत वेगवान स्पर्धकाला वाऱ्याच्या आडोशाला ठेवते आणि वळणावर तिची जागा राखते. शेवटच्या फेरीत एकीमागे एक अशी रांग धरली जाते. पुढची आपले बळ संपेपर्यंत वारा अंगावर घेते, बाजूला होते आणि मागची पुढे येते. अखेरची बाजूला झाली की उरलेल्या दीड-दोनशे मीटरांत वेगवान स्पर्धक झेप घेते. निकालपत्रात तिच्या नावापुढे एकचा आकडा येतो. जिने तिला तिथवर आणले तिच्या नावापुढे कदाचित वीस, कदाचित तीस. शर्यतीचे नियम अपघात जाणतात, कारण चाक निकामी झाले किंवा स्पर्धक पडली तर तिला एक फेरी माफ करण्याची तरतूद असते. अंगावर घेतलेल्या वाऱ्यासाठी मात्र निकालपत्रात रकाना नाही.

असे काम करणाऱ्या स्पर्धकाला फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’ म्हणतात. शब्दाचा अर्थ घरचा नोकर. ‘तूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांनी 1911 साली मोरिस ब्रोको या स्पर्धकाला हा शब्द हिणवण्यासाठी वापरला होता. पैशांसाठी दुसऱ्याची चाकरी करणे त्यांच्या दृष्टीने खेळाला कलंक होता. पुढे ती चाकरी म्हणजेच या खेळाचा कणा ठरला आणि शिवीचे पदनाम झाले. मराठी भाषेने या गुंतागुंतीची नोंद निराळ्या रीतीने करून ठेवली आहे. ‘गडी’ हा शब्द कबड्डीच्या मैदानावर उच्चारला की खेळाडू होतो आणि वाड्याच्या ओसरीवर उच्चारला की नोकर. सवंगडी आणि घरगडी एकाच शब्दाच्या पोटी जन्मले आहेत. दोघेही दुसऱ्याच्या बरोबरीने राबतात. भेद श्रमांत नसून नात्यात आहे. शर्यतीतील सहकारी यांपैकी कोण, हाच खरा प्रश्न.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, त्याला स्वतःतच साध्य मानावे, असे इमॅन्युएल कांट यांनी 1785 साली प्रतिपादन केले. त्यांच्या सूत्रातील ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकमेकांचे साधन होण्यावाचून कोणताही सहकार शक्य नाही. आक्षेप आहे तो साधन झाल्यावर माणूसपण शिल्लक न उरण्याला. स्त्रीच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या परंपरेतील उणीव नेमकी इथे दिसते. तिथे त्याग मागितला जात नाही. तो गृहीत धरला जातो. जे नाकारण्याची सोयच नव्हती ते देणे हे दान कसे म्हणावे? शिवाय ज्याला अंत नाही, ज्यात पाळी बदलत नाही आणि ज्याची कोठे नोंद नाही, अशा झिजण्याला त्याग म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय.

त्यागाला सीमा असते, हे समजण्यासाठी 1984 सालचे लॉस एंजेलिस ऑलिंपिक आठवावे. पुरुषांची रस्त्यावरील सायकल-शर्यत 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये झाली होती; स्त्रियांना त्यासाठी 1984 पर्यंत थांबावे लागले. 29 जुलै रोजी मिशन व्हिएहो येथे झालेल्या त्या पहिल्या शर्यतीत अखेरीस सहा जणी पुढे निसटल्या. त्यांत अमेरिकेच्या दोघी होत्या: सत्तावीस वर्षांची कॉनी कार्पेंटर-फिनी आणि एकवीस वर्षांची रिबेका ट्विग. शेवटच्या झेपेत या दोघी एकमेकींविरुद्धच लढल्या. अंतिम रेषेवर कार्पेंटरने सायकल पुढे झोकली आणि जेमतेम अर्ध्या चाकाने सुवर्णपदक मिळवले. एकाच देशाच्या दोघींनी असे झुंजणे काहींना संघभावनेशी विसंगत वाटेल. वस्तुतः तसे नाही. सांघिक कर्तव्य आघाडीबरोबर राहून संपले होते. त्यानंतर प्रत्येकीचा स्वतःवरचा हक्क परत आला. ट्विगने तिथे हात आखडता घेतला असता तर ती उदारता ठरली नसती, आणि कार्पेंटरच्या विजयाचेही मोल उणावले असते.

याउलट, एकमेकींसाठी कोणीच झिजली नाही तर काय घडते याचे स्मरण टोकियो ऑलिंपिकची शर्यत करून देते. ती 25 जुलै 2021 रोजी झाली. नेदरलँड्सच्या चार जणींचा संघ असा होता की त्यांतील कोणीही जिंकू शकली असती. ऑस्ट्रियाची एकमेव स्पर्धक आना कीझेनहोफर ही गणिताची संशोधक. ती प्रारंभीच निसटलेल्या लहान गटात होती आणि पुढे तिने त्या गटालाही मागे टाकले. ऑलिंपिकमध्ये स्पर्धकांना रेडिओ वापरण्याची मुभा नसते. पुढे अजून कोणी आहे याचे भान मागच्यांना राहिले नाही. कीझेनहोफरनंतर सव्वा मिनिटाने रेषा ओलांडणाऱ्या आनेमीक फान व्ल्यूटेनने आपणच जिंकलो या समजुतीने हात उंचावले. जिच्या बाजूने वारा अडवायला कोणी नव्हते तिने तो एकटीने अडवला. बलाढ्य संघात मात्र पाठलागाचे ओझे वेळेवर कोणाच्याच खांद्यावर गेले नाही. चौघी समर्थ असल्या म्हणून संघ समर्थ होतोच असे नाही.

या दोन उदाहरणांच्या मधोमध त्यागाच्या तीन अटी दिसू लागतात. पहिली अट निवडीची: ‘नाही’ म्हणता येणे. दुसरी पाळीची: आज आडोसा देणारीला उद्या आडोसा मिळण्याची शक्यता असणे. तिसरी साक्षीची: जे दिले ते कोणीतरी पाहिलेले असणे. हौशी क्रायटेरियममधील स्पर्धक पुष्कळदा स्वतःच्या खिशातून प्रवेशशुल्क भरते आणि मग मैत्रिणीच्या विजयासाठी स्वतःला रिते करते. पहिली अट इथे पुरी होते. पुढच्या आठवड्यातील शर्यतीचा मार्ग वेगळा असतो, भूमिकाही बदलू शकतात. मिळालेले बक्षीस संघात वाटून घेण्याची प्रथा तिसऱ्या अटीला काही अंशी जागते. व्यावसायिक संघात मात्र करार असतो, आदेश असतो आणि काहींच्या वाट्याला पाळी कधीच येत नाही. तिथे सवंगडी आणि घरगडी यांतील रेषा पुसट होते. वेतन मिळते म्हणून हा प्रश्न मिटत नाही. वेतन श्रमांचे मोल देते, सोडून दिलेल्या शक्यतेचे नाही.

म्हणून विजेतीवर एक ऋण राहते आणि ते बक्षिसाच्या वाटणीने पुरते फिटत नाही. मागे राहिलेल्यांची नावे घेणे ही औपचारिकता नसून आपल्या यशाविषयी खरे बोलणे आहे. ‘मी जिंकले’ हे विधान निकालपत्रापुरते खरे असते. शर्यतीपुरते ते अर्धेच खरे. हे विजेतीला ठाऊक असले, आणि उद्या वाऱ्यात पुढे होण्याची पाळी तिचीही असली, तर तिच्यापुढे झिजलेली स्त्री सवंगडी राहते. यांतले काहीच नसेल तर ती घरगडी होते, मग तिच्या त्यागाचे कितीही गोडवे गायले जावोत.